मुलांसाठी राबणारे सोशल वर्कर आणि त्यांना घडवणारे सीनियर: त्यांच्या कामाची दखल कशी घ्यायची? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

१४ नोव्हेंबरचा बालदिन किंवा मार्चमधल्या तिसऱ्या मंगळवारचा जागतिक समाजकार्य दिन जवळ आला की संस्थांचे ट्रस्टी, सीएसआरवाले, रोटरी-लायन्सचे लोक विचारायला लागतात, की मुलांसाठी काम करणाऱ्या कुणाचा तरी सत्कार करायचाय, कोणाचा करू, कसा करू. छान वाटतं हे ऐकून. पण बऱ्याचदा शाल-श्रीफळ मिळतं संस्थेच्या अध्यक्षांना आणि जी मुलगी रात्री अकरापर्यंत पोलीस स्टेशनला त्या पोराशेजारी बसून होती ती हॉलमध्ये खुर्च्या लावत असते. हे बदलावं असं मनापासून वाटतं म्हणून सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र लिहिलेत, महाराष्ट्र डोळ्यासमोर ठेवून.

सोशल वर्कर म्हणजे नक्की कोण कोण धरायचे?

एकच पोस्ट नाहीये ती. जिल्हा बाल संरक्षण कक्षात संरक्षण अधिकारी असतात (संस्थात्मक आणि बिगर-संस्थात्मक असे दोन), विधी तथा परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते, क्षेत्रीय कार्यकर्ते. बालगृहात आणि निरीक्षणगृहात (गुन्ह्याचा आरोप असलेली मुलं ठेवतात तिथे) प्रोबेशन ऑफिसर किंवा केस वर्कर. १०९८ वर, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनवर, फोन आला की गाडी काढून जाणारी टीम. दत्तक संस्थांमधले सोशल वर्कर. शिवाय एनजीओवाले, जे वस्तीत, रेल्वे स्टेशनवर, वीटभट्टीवर काम करतात. पाटीवर पद काहीही असो, मुलं सगळ्यांना ताई, दादा किंवा सर म्हणतात.

आणि काळजीवाहक. यांना विसरू नका प्लीज. बालगृहात रात्री मूल दचकून उठलं की त्याच्याजवळ तीच बाई असते, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण) झालेली नसेल पण त्या मुलाला कशाची भीती वाटते हे तिला सगळ्यात आधी कळतं.

ही माणसं करतात काय? आम्हाला बाहेरून फक्त "रेस्क्यू"च्या बातम्या दिसतात.

बातमी संपते ना, तिथून पुढे खरं काम चालू होतं. समजा कल्याण स्टेशनवर एक बारा वर्षांचा मुलगा एकटा सापडला. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे त्याला २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर न्यायचं, प्रवासाचा वेळ सोडून. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य. समिती सांगते चौकशी करा. मग सोशल वर्करने १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा, फॉर्म २२ म्हणतात त्याला, आणि मूल पहिल्यांदा समोर आलं तेव्हापासून चार महिन्यांत समितीला शेवटचा निर्णय देता यावा अशी अपेक्षा असते.

आता पंधरा दिवस ऐकायला बरेच वाटतात, पण मुलाने पत्ता चुकीचा सांगितलेला असतो, गाव दुसऱ्या राज्यात असतं, भाषा वेगळी, तिकडच्या कक्षाला मेल करा, फोन करा, परत फोन करा, आणि तोपर्यंत मूल रोज विचारतंय की ताई माझ्या आईला सांगितलं का. घरी पाठवलं तरी काम संपत नाही, तो टिकला का, शाळेत बसला का, पुन्हा मार खातोय का हे बघायला परत जावं लागतं. नाहीच पाठवता आलं तर बालसंगोपन योजना, मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेची स्पॉन्सरशिप (महिन्याला ४००० रुपये), फॉस्टर केअर म्हणजे दुसऱ्या कुटुंबात तात्पुरता सांभाळ, नातेवाईक शोधणं, त्याचे कागद, बँक खातं, आधार. आधारसाठी तीन-तीन चकरा मारणारा कार्यकर्ता बातमीत येत नाही कधी, पण त्या खात्याशिवाय मुलाला एक रुपया मिळत नाही.

मग चांगलं काम ओळखायचं कशावरून?

माझं ठाम मत आहे की फाइल वाचा. म्हणजे बाहेरच्या माणसाने नाही, तसा अधिकारच नाही त्यांना, पण पुरस्काराच्या निवड समितीत बाल कल्याण समितीचे माजी सदस्य किंवा परवानगी असलेले अधिकारी असतील तर ते वाचू शकतात. सामाजिक तपासणी अहवालात सगळं दिसतं.

नमुन्यादाखल सांगते, खरी केस नाही ही. एक अहवाल असा: "बालकाचे वडील व्यसनी आहेत. घरची परिस्थिती हलाखीची आहे. पालक बालकाचा सांभाळ करण्यास सक्षम नाहीत. सबब बालकास संस्थेत ठेवणे योग्य राहील." असले शेकड्याने असतात, नाव बदललं की पुढच्या मुलाला चालतो. दुसरा अहवाल असा: आई पहाटे साडेचारला फुलांच्या मार्केटला जाते आणि सातला परत येते, तेवढ्या वेळात मुलगा वडिलांबरोबर एकटा असतो आणि मार पडतो तो तेव्हाच. आत्या दोन गल्ल्या सोडून राहते, तिने स्वतःहून सांगितलं की रात्री माझ्याकडे झोपू दे, तिच्या नवऱ्याशीही बोलणं झालं. शाळेने नाव पटावरून काढलेलं नाही, वर्गशिक्षिका त्याला परत घ्यायला तयार आहेत. मुलगा म्हणतो आई पाहिजे, पप्पा नको, आत्याकडे टीव्ही नाही पण चालेल.

दोन्ही अहवाल एकाच घराचे असू शकतात. पहिल्यात मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत संस्थेत राहील, दुसऱ्यात तो आत्याकडे झोपेल आणि दिवसा आईजवळ असेल. कायदा स्वतःच म्हणतो की संस्था हा शेवटचा पर्याय, पण तो शेवटचा पर्याय आहे हे ठरतं त्या गृहभेटीत, कोणी किती वेळ बसलं आणि काय विचारलं यावर.

अजून काही गोष्टी बघा. मुलाचं म्हणणं त्याच्या शब्दांत लिहिलंय का. वैयक्तिक काळजी योजना, आयसीपी, ती एकदाच भरून ठेवलीय, की मधे मधे बदललीय. भेट ठरलेल्या दिवशी झाली का, कारण या मुलांना आधीच खूप जणांनी "येतो" सांगून फसवलेलं असतं. वरिष्ठांना किंवा पोलिसांना नाही म्हणायची वेळ आली तेव्हा म्हटलं का. आणि मूल घरी परत गेल्यावर सहा महिन्यांनी त्याच्या घरचे या सोशल वर्करचा फोन उचलतात का, हे तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

किती मुलं सोडवली, किती घरी पोचवली हा आकडा का नको? तो तर सोपा आहे.

सोपा आहे म्हणूनच घात होतो. आकड्यावर बक्षीस ठेवलं की मुलं घाईने घरी पाठवली जातात आणि त्याच स्टेशनवर परत सापडतात. आणि पॉक्सोची (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) एकच केस दोन वर्षं धरून बसलेली सपोर्ट पर्सन, म्हणजे केसभर मुलीला साथ देणारी व्यक्ती, जी प्रत्येक तारखेला कोर्टात मुलीबरोबर गेली, तिच्या रकान्यात १ एवढंच दिसेल.

मेंटॉरला वेगळी दखल कशाला? ते तर सीनियर आहेत, त्यांना पगार जास्त आहे.

जास्त असतोच असं नाही आधी हे सांगते. आणि कशाला, तर या कामात चांगला माणूस टिकतो किंवा सोडून जातो ते बऱ्याचदा त्याच्या डोक्यावर कोण होतं त्यावर ठरतं.

आपल्याकडे समाजकार्याचं शिक्षणच मुळात या पद्धतीने उभं राहिलंय. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, नागपाड्यात, तेच पुढे टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, झालं. नंतर १९५५ चं निर्मला निकेतन, १९६३ ची पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था. या सगळीकडे फील्डवर्क म्हणजे अर्धं शिक्षण. विद्यार्थी आठवड्यातून ठरलेले दिवस संस्थेत जातो, रेकॉर्डिंग लिहितो आणि मग आयसी असते, म्हणजे सुपरवायझरसमोर एकट्याने बसायचं आणि तू काय केलंस, काय वाटलं, तिथे गप्प का बसलास हे सगळं उलगडायचं. ज्यांनी चांगली आयसी अनुभवलीय त्यांना ती वीस वर्षांनीही आठवते. १०९८ सुद्धा १९९६ मध्ये टिसचा फील्ड अ‍ॅक्शन प्रोजेक्ट म्हणूनच मुंबईत सुरू झाली, म्हणजे शिकवणारे आणि शिकणारे एकत्र रस्त्यावर होते.

पण डिग्री मिळाली, नोकरी लागली की हे सगळं बंद. चोवीस वर्षांच्या मुलीला कक्षात बसवतात, गठ्ठाभर फाइली देतात आणि "सुपरवायझर" म्हणजे रिपोर्ट कधी देतेस विचारणारा माणूस उरतो. अशात जो कुणी सीनियर स्वतःच्या वेळातून ज्युनियरला शिकवतो, तो त्याच्या जॉब चार्टमध्ये कुठेही न लिहिलेलं काम करत असतो. म्हणून दखल वेगळी घ्या.

चांगला मेंटॉर दिसतो कसा?

एक प्रसंग मनात आणा. ज्युनियर गृहभेट करून आली आणि म्हणाली, "मॅडम, घर छान आहे, आई समजूतदार आहे, मुलीला घरी पाठवायला हरकत नाही." मॅडम विचारतात, "किती वाजता गेली होतीस?" "दुपारी दोनला." "म्हणजे बाप कामावर. मुलगी घरी यायला नाही म्हणतेय ती कोणामुळे?" ज्युनियर गप्प. "संध्याकाळी साडेसातला परत जाऊ, मी येते बरोबर. तिथे बोलायचं तूच, मी नुसती बसणार."

या चार वाक्यांत सगळं आलं बघा. चूक दाखवली पण चारचौघांत अपमान नाही केला, उत्तर तयार दिलं नाही, सोबत गेली, आणि तिथे जाऊन स्वतः पुढे पुढे केलं नाही. ही ज्युनियर पुढच्या वेळी दुपारी दोनला जाणारच नाही.

दुसरं म्हणजे वाईट केसनंतर कोण जवळ बसतं. लहान मुलीवरच्या अत्याचाराची केस ऐकून आलेल्या माणसाला लगेच "अहवाल संध्याकाळपर्यंत द्या" म्हणणारे साहेब खूप आहेत. चहा मागवून, दार लावून, "आज लिहू नकोस, आधी सांग तू कशी आहेस" म्हणणारे थोडे. ऐकून ऐकून माणूस आतून बधिर होतो, झोप जाते, घरच्यांवर चिडचिड होते, आणि बधिर झालेला कार्यकर्ता मुलाशी फॉर्म भरल्यासारखा बोलतो. तेव्हा हे मेंटॉरने बघणं हे मुलाच्याच भल्याचं आहे.

आणि एक साधी चाचणी: त्यांच्या हाताखालून गेलेले लोक आज कुठे आहेत? अजून मुलांच्या कामात टिकून आहेत का? अडचणीत आजही यांनाच फोन करतात का? मेंटॉरचं नाव ठरवताना वरिष्ठांच्या शिफारशीपेक्षा या जुन्या ज्युनियर लोकांची चार-पाच पत्रं मागवा.

कार्यक्रमात मुलाची गोष्ट सांगितली तर लोकांना काम कळेल ना? फोटो ब्लर करू.

नाही. इथे अजिबात सूट नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ज्यावरून ओळख पटू शकेल असा कुठलाही तपशील प्रसिद्ध करता येत नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पॉक्सोच्या केसमध्ये कलम २३ आहेच. डोळ्यांवर काळी पट्टी मारून काही होत नाही, युनिफॉर्म दिसतो, गावाचं नाव येतं, "चौथीतली मुलगी" म्हटलं की गावात सगळ्यांना कळतं कोण ते.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी मुलाला स्टेजवर बोलावून ताईंना फूल द्यायला लावणं हे क्रूर आहे. त्याच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट शंभर अनोळखी माणसांसमोर टाळ्यांसाठी वापरायची? ज्या सोशल वर्करने स्वतःच्या सत्कारात मुलाची गोष्ट सांगायला नकार दिला तिला माझ्याकडून दोन मार्क जास्त.

मग काम कसं सांगायचं? पद्धत सांगा. गृहभेट कशी करतात, समितीपुढे मुलाला आधी कसं तयार करतात, आत्याला कसं शोधलं जातं, हे कुठलंही मूल न दाखवता सांगता येतं.

सरकारी पुरस्कार कोणते आहेत?

केंद्राचा राष्ट्रीय बालकल्याण पुरस्कार १९७९ पासून व्यक्ती आणि संस्थांसाठी होता, २०१८ मध्ये त्याचं नाव बाल कल्याण पुरस्कार झालं आणि पुढे तो प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्काराच्या छताखाली आला. अलीकडच्या याद्यांत मुलांचीच नावं दिसतात, तेव्हा त्या वर्षीची नोटीस नीट वाचल्याशिवाय तयारीला लागू नका. महाराष्ट्रात महिला व बाल विकास विभागाचा पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर पुरस्कार आहे, महिला व बालकांच्या क्षेत्रात काम करणाऱ्या महिलांसाठी, चौकशी जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात करा. खासगीत जमनालाल बजाज पुरस्कारांमध्ये महिला आणि बालकांच्या कल्याणाचा विभाग १९८० पासून आहे, पण तो आयुष्यभराच्या मोठ्या कामाला मिळतो.

कक्षातल्या साध्या केस वर्करसाठी किंवा मेंटॉरसाठी अशी वेगळी कॅटेगरी यात कुठेच नाही. ती जागा जिल्हा पातळीवर संस्थांनी आणि कॉलेजांनी मिळून भरावी असं मला वाटतं.

पुरस्कार राहू दे, पगार वेळेवर द्या, असं आमच्याच स्टाफने सांगितलं. काय उत्तर देऊ?

उत्तर द्यायचं नाही, बरोबर आहे त्यांचं. मिशन वात्सल्यमधली बहुतेक पदं कंत्राटी आहेत, वर्षामागून वर्ष मुदतवाढीकडे डोळे लावून बसायचं, मानधन लांबलं की घरभाडं थकतं. गृहभेटीचा एसटीचा खर्च आधी खिशातून. २०२३ मध्ये १०९८ सरकारी यंत्रणेकडे गेली तेव्हा जुन्या पार्टनर संस्थांमधले कितीतरी अनुभवी लोक बाहेर पडले, त्यांना जिल्ह्यातलं प्रत्येक पोलीस ठाणं, प्रत्येक स्टेशनवरचा हमाल माहीत होता, त्या अनुभवाची कुणी साधी नोंदही घेतली नाही याचं फार वाईट वाटतं.

तेव्हा तुम्ही संस्था असाल तर पहिली दखल ही: प्रवासखर्च त्याच महिन्यात, रात्रीच्या केसनंतर दुसऱ्या दिवशी सुट्टी, फील्डवर जाणाऱ्या बाईबरोबर दुसरं कुणीतरी, आणि केसेस मावतील इतक्याच. हे नसेल तर शाल देऊन लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून बघता येत नाही. सीएसआरवाले असाल तर पुरस्काराच्या रकमेइतकेच पैसे एका वर्षाच्या सुपरविजनसाठी द्या, म्हणजे बाहेरचा अनुभवी माणूस महिन्यातून एकदा येऊन टीमबरोबर बसेल. असं कुणी देत नाही, कारण त्याचा फोटो निघत नाही, पण टीमला विचारा काय हवंय.

नावं कुणी सुचवायची? मुलांना विचारायचं का?

सहकारी, काळजीवाहक, शाळेचे शिक्षक, वकील, अंगणवाडी ताई, सरपंच, सगळ्यांकडून येऊ द्या. बाल कल्याण पोलीस अधिकारी प्रत्येक ठाण्यात असायला हवा असं कायद्यात आहे, तो कोणाला रात्री फोन करतो ते विचारा, बरोबर नाव मिळतं.

सध्या संस्थेत असलेल्या मुलांना मात्र नका विचारू. ज्या ताईच्या अहवालावर आपण घरी जाणार की नाही ठरणार आहे तिच्याबद्दल मूल मोकळेपणाने कसं बोलेल? अठरा पूर्ण करून बाहेर पडलेल्या तरुणांना विचारा, त्यांना निवड समितीतही घ्या, मानधन देऊन. कायद्यात त्यांच्यासाठी २१ वर्षांपर्यंत आफ्टरकेअरची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरच्या मदतीची, सोय आहे, पण आफ्टरकेअर मिळाली की नाही यापेक्षा त्यांना जास्त काय आठवतं माहितीये? आपला वाढदिवस कुणी लक्षात ठेवला, आणि आपल्याला दुसऱ्या संस्थेत हलवताना आधी कुणी सांगितलं आणि कुणी न सांगता गाडीत बसवलं.

टीमचं काम असतं, मग एकालाच का निवडायचं?

एकालाच निवडू नका की. केस वर्कर आणि तिचा मेंटॉर अशी जोडी निवडा, किंवा एका अवघड केसमागची अख्खी टीम, ड्रायव्हरसकट.

बजेट नाही आमच्याकडे. काय करू शकतो?

बरंच काही. बाल कल्याण समितीच्या अध्यक्षांनी चांगल्या अहवालावर दोन ओळींचं लेखी कौतुक दिलं आणि ते सर्व्हिस फाइलला लागलं तर कंत्राट वाढवताना ते कामाला येतं. समिती महिन्यातून किमान २० दिवस बसायची असते, त्यातल्या एका दिवशी दहा मिनिटं काढायला पैसे लागत नाहीत. चांगले अहवाल, ओळख पटणारे सगळे तपशील काढून, नवीन लोकांच्या ट्रेनिंगला वापरा आणि लिहिणाऱ्याचं नाव त्यावर ठेवा. समाजकार्य कॉलेजांनी अशा मेंटॉरला गेस्ट लेक्चरला बोलवा, रीतसर पत्र देऊन, मानधनासह.

शिफारसपत्रात काय लिहू? "तळमळीने काम करतात" याशिवाय काही सुचत नाही.

तळमळ, निःस्वार्थ, वाहून घेतलं, हे शब्द काढूनच टाका, ते कोणाबद्दलही लिहिता येतात. त्याऐवजी एक निर्णय लिहा जो या व्यक्तीने घेतला आणि दुसऱ्या कुणी कदाचित घेतला नसता. काय अडचण होती, कोणाचा विरोध होता, काय केलं, त्यानंतर किती काळ पाठपुरावा ठेवला. मेंटॉरबद्दल लिहित असाल तर त्यांनी तुम्हाला विचारलेला एक प्रश्न लिहा ज्याने तुमची काम करायची पद्धत बदलली. मुलाचं वय, गाव, शाळा, जात, नातेवाईकांची नावं काहीही घालू नका, "एक मूल" एवढं पुरे. पान-दीड पान बास झालं. पाठवायच्या आधी ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना वाचायला द्या, कारण कधी कधी त्यांना ती केस बाहेर यायला नको असते, आणि त्या नाही म्हणाल्या तर दुसरी केस घ्या.